सरकारचा कोपरा

आमच्या गावात सरकारचे दर्शन घडण्याची जागा एकच आहे. ती ग्रामपंचायत नव्हे, कारण तिच्या दाराला बहुधा कुलूप असते. तलावाच्या पाळीवर महादेवाचे देऊळ आहे. त्याच्या सर्वांत वरच्या पायरीवर, नंदीकडे पाठ करून उभे राहिले आणि मोबाईल मस्तकापर्यंत उंच धरला, म्हणजे नेटवर्क प्रकट होते. पाळीच्या पलीकडे सागाचे जंगल सुरू होते. तिथे शासन केवळ वनखात्याच्या रूपाने वास करते, आणि त्या रूपाला नेटवर्काची गरज पडत नाही.

मी सिंदेवाहीच्या शाळेत संस्कृत शिकवत असे. निवृत्तीनंतर गावी परतलो, वाट्याला आलेली धानाची बांधी, म्हणजे बांध घातलेले शेत, कसू लागलो आणि देवळातील नित्यपूजा हाती घेतली. गावातील मंडळी मला गुरुजी म्हणतात. त्यातला किती भाग शाळेसाठी आणि किती पूजेसाठी, हे मी कधी विचारले नाही. शासनावरही माझी पहिल्यापासून श्रद्धा आहे. जे डोळ्यांना दिसत नाही, हाकेला ओ देत नाही आणि तरीही सर्वत्र व्यापून आहे, त्यावर श्रद्धा ठेवण्याची मला बालपणापासून सवय आहे.

धानाला सरकारी खरेदी केंद्रावर हमीभाव मिळतो आणि त्यावर बोनस मिळतो. बोनसची घोषणा हिवाळ्यात होते, तेव्हा टाळ्या वाजतात. तो खात्यात उतरतो तेव्हा पुढच्या हंगामाचे पऱ्हे, म्हणजे रोपांचे वाफे, टाकण्याची वेळ झालेली असते. मधला काळ साधनेचा. वर्षानुवर्षे मी वर्गात तितिक्षा, म्हणजे कुरकुर न करता सोसणे, हा शब्द समजावून सांगितला. विद्यार्थ्यांना तो कळला की नाही, ठाऊक नाही. मला मात्र तो बोनसने समजावला.

पूर्वी या प्रसादासाठी धान पिकवणे पुरेसे होते. अलीकडे तो पिकलेला दिसावाही लागतो. शेतकऱ्याने मोबाईल घेऊन पीकपाहणीचे ॲप उघडावे, आपला गट निवडावा, पिकाचे नाव टाकावे आणि पिकाचा फोटो काढून पाठवावा, म्हणजे सातबाऱ्यावर पेरा, अर्थात पिकाची नोंद, चढतो. पेरा नसेल तर तुमचा धान केंद्राच्या लेखी उगवलेलाच नाही. पोती कितीही भरलेली असोत, ती माया समजावी.

आता आमच्या गावची एक रीत सांगितली पाहिजे, कारण पुढचे सारे तीवरून घडले. रोवणा, म्हणजे धानाची लावणी, आटोपला की श्रावणातल्या एका सोमवारी प्रत्येक घरातून बांधीतील रोपांची एक मूठ देवळात येते. ताटात ती मूठ, हळदकुंकू आणि एक दिवा. मी ती मूठ पिंडीला लावून परत देतो आणि घरधनी ती पुन्हा आपल्या बांधीत नेऊन रोवतो. ॲप उघडले ते नेमके याच पंधरवड्यात. आणि नेटवर्क तर देवळाच्याच पायरीवर. तेव्हा सोमवारी मूठ घेऊन यायचेच आहे, तर पीकपाहणीही तिथेच उरकावी, असे गावाने ठरवले. मी तर भारावून गेलो. शासनाची उपासना देवाच्या उपासनेशी इतकी सहज जुळेल, असे मला वाटले नव्हते.

त्या दिवशी पाळीवर जत्रा भरली. ज्यांच्याकडे मोबाईल होता त्यांच्यामागे ज्यांच्याकडे नव्हता ते उभे. नागपूरच्या मुलाने दिलेला माझा मोबाईल फोटो चांगला काढतो, म्हणून माझ्यापुढेही रांग. त्या रांगेत एक बाई घमेल्यात रोपे घेऊन आली. तिची बांधी माझ्या बांधीला लागून आहे. तिच्या घराण्याने दोन पिढ्यांपूर्वी बौद्ध धम्म स्वीकारला. मूठ चढवण्याशी त्यांचा संबंध नाही.

"गुरुजी, हे देवाले नाई हां," तिने रांगेतूनच बजावले. "हे मोबाईलले दाखवाले आणली."

"देवाची काही हरकत नाही, बाई."

"त्याले कोण विचारून राह्यलं? तुमची हरकत हाय का ते सांगा. मोबाईल तुमच्या हातात हाय."

माझी हरकत नव्हती. तिला त्या फोटोची जितकी निकड होती तितकी रांगेतल्या अन्य कोणालाही नव्हती, हे मला ठाऊक होते. नवरा गेल्यापासून तिच्या बांधीचा धान भासऱ्याच्या, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाच्या नावाने केंद्रावर जात असे. नांगर तिचा, चिखल तिचा, रोवणा तिचा. पावतीवर नाव त्याचे. कचेरीत खेपा घालून अखेर गेल्या वर्षी तिने सातबाऱ्यावर स्वतःचे नाव चढवून घेतले होते. यंदा प्रथमच धान तिच्या नावाने जायचा होता. भासऱ्याचे म्हणणे मोठे समंजस होते. "नाव राहू दे ना तुहं सातबाऱ्यावर. धान माह्या नावानं गेला त काय बिघडते?" पेरा चढला नाही, तर काहीच बिघडणार नव्हते; सारे पूर्वीसारखे चालणार होते. तिला तेच नको होते.

मी घमेल्याचा फोटो काढला. पडद्यावर एक संदेश उमटला: आपण निवडलेल्या गटापासून दूर आहात. खाली दोन चौकोन होते. एकात लिहिले होते 'रद्द करा', दुसऱ्यात 'पुढे जा'. मी तो संदेश सर्वांना मोठ्याने वाचून दाखवला.

"दूर त आपण हावोच ना, भाऊ," रांगेतून कोणीतरी म्हणाले. "त्यायले आज समजलं का?"

सगळे हसले आणि आम्ही पुढे गेलो. शासन स्वतः पुढे जा म्हणत असताना मागे फिरणे उद्धटपणाचे दिसले असते. सायंकाळी, वाघाच्या भीतीने पाळ मोकळी होण्याआधी, अवघ्या गावाचा धान सरकारदरबारी रुजू झाला होता.

आश्विन लागला तेव्हा तलाठी आले. त्यांच्या पदाला आता नवे, अधिक भारदस्त नाव मिळाले आहे. मोटारसायकल मात्र पूर्वीचीच आहे. त्यांनी पायरीवर बसून मोबाईलवर गावाचा नकाशा उघडला. त्यात बांध्या रित्या होत्या. सगळे हिरवे ठिपके एकमेकांवर चढून देवळावर बसले होते.

"गुरुजी, साऱ्या गावाचा धान तुमच्या देवळात पिकून राह्यला," ते म्हणाले. "नंदीले बांधून ठेवा, नाई त खाऊन टाकन."

अशा रीतीने आमचा महादेव तालुक्यातला सर्वांत मोठा धान उत्पादक ठरला. एक गुंठाही जमीन नाही, बैल एक आणि तोही दगडाचा, तरी उत्पन्न विक्रमी. एखाद्या कृषिपुरस्कारासाठी त्याचे नाव सुचवावे असे मला क्षणभर वाटले. परंतु पुरस्कारासाठीही आधार कार्ड लागते.

तलाठ्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. फोटो वावरात उभे राहून काढायचा होता. तिथे नेटवर्क नसले तरी तो मोबाईलमध्ये थांबून राहतो, आणि मग देवळात येऊन पाठवता येतो. श्रावणात हे कोणी सांगितले नव्हते. ज्ञान अधिकारी पुरुषालाच आणि योग्य काळीच द्यावे, या मताचे शासनही दिसते.

"मंग आता?" शेजारच्या बाईने विचारले. ती पायरीखाली उभी होती.

"सहायक येणार हाय. तो वावरात जाऊन नवा फोटो काढन. उभं पीक दिसलं पायजे."

"कधी येणार हाय?"

"दिवाळीच्या मागंपुढं."

"मागं का पुढं?"

"बाई, मी तलाठी हावो, पंचांग नाई. पंचांग गुरुजीपाशी हाय."

घरी येऊन मी खरोखरच पंचांग पाहिले. ग्रहणे होती, मुहूर्त होते. सहायकाच्या आगमनाची तिथी पंचांगकर्त्यालाही काढता आलेली नव्हती.

ज्यांचा धान भारी, म्हणजे उशिरा पिकणारा होता, ते निश्चिंत होते. तो दिवाळीनंतरही उभाच असतो. भासऱ्याचा धान भारी होता. तिचा आणि माझा मात्र हलका, दसऱ्याच्या सुमारास कापणीला येणारा. तिने हे तलाठ्यांना त्याच जागी सांगितले.

"उभा ठेवला त झडते, साहेब. झडला नाई त डुकरं खाते."

"कापाल त नकाशात पडीक दिसन."

"कितीक उभा पायजे?"

तलाठी तोवर मोटारसायकलवर बसले होते. "फोटोत दिसन एवढा," असे म्हणत त्यांनी किक मारली.

हे वाक्य आम्ही दोघांनीही ऐकले. मी ते थट्टा म्हणून ऐकले, तिने शासननिर्णय म्हणून. पुढे जे झाले त्याचे मूळ एवढ्याच फरकात आहे.

मी माझ्या संस्कारांना अनुसरून अर्ज लिहिला. मूठ चढवण्याची प्राचीन प्रथा, नेटवर्काचे स्थानमाहात्म्य, त्यातून घडलेला निर्हेतुक प्रमाद, आणि शेवटी विनम्र प्रार्थना. भाषा अशी की, मी परीक्षक असतो तर मलाच पूर्ण गुण दिले असते. कचेरीतील गृहस्थांनी तो न वाचता शिक्का मारून घेतला आणि पोचपावती दिली. ही पोचपावती अजून देवघरात आहे. अर्ज मार्गी लागला आहे, तेव्हा आता धान उभा ठेवण्याचे प्रयोजन नाही, असे मी अनुमान केले. तर्कशास्त्रात अनुमानाचे दोष सांगितलेले आहेत. मी ते शिकवलेलेही आहेत. हार्वेस्टर गावात आले होते. त्याने माझी बांधी एका सकाळी धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत स्वच्छ करून टाकली.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या बांधीत विळे चालू होते. सायंकाळी मी दोन बांध्यांमधल्या धुऱ्यावर गेलो, तेव्हा सगळा धान आडवा झाला होता. फक्त ईशान्येच्या कोपऱ्यात, दोन खाटा मावतील एवढ्या जागेत, तो उभा होता. भोवती चार काठ्या रोवून तिने जुने लुगडे गुंडाळले होते.

मी थबकलो. आमच्या लहानपणी प्रत्येक बांधीत असा कोपरा असे. कापणी करताना एका कोपऱ्यातला धान देवाच्या नावाने उभा ठेवत. पाखरे खात, वाटसरू ओंबी खुडत, कोणी काही म्हणत नसे. पुढे हार्वेस्टर आले. चालक म्हणाला, कोपऱ्यासाठी यंत्र वळवले तर डिझेल लागते. देवाने डिझेलचे पैसे दिले नाहीत आणि कोपरे गेले. मीही ठेवत नाही.

"बाई, हा कोपरा राहिला."

"राह्यला नाई, ठेवला."

"पूर्वी देवासाठी ठेवत असत."

"माह्या आजेसासूच्या टायमाले आमच्याइथीबी ठेवत. मंग आमच्या लोकायनं सोडलं ते." तिने लुगड्याची गाठ आवळली. "आता सरकारले ठेवून राह्यली. देव त निदान फोटो मांगत नोता."

याला उत्तर षड्दर्शनांतही असेलसे वाटत नाही.

त्यानंतर सुरू झाली ती प्रतीक्षा. दसरा गेला, दिवाळी आली. रोज सकाळी पूजेहून परतताना मला ती कोपऱ्यापाशी दिसे. कधी डुकरांनी पाडलेली काठी उभी करताना, कधी पाखरांवर ओरडताना. पाखरांना शासकीय आरक्षणाची कल्पना नसल्यामुळे ती लुगड्यावर बसूनच ओंब्या खात. एकदा भासरा धुऱ्यावरून चालला होता. तो थांबून म्हणाला, "सरकारले ताट वाढून ठेवलं का, बाई? थंडं होऊन राह्यलं."

"हो, भाऊजी. पण तुमी त्या पाटावर बसू नका," ती म्हणाली. "तुमी लय वर्सं जेवले."

भासरा पुढे गेला. मी ओंजळीतली फुले सावरण्यात गढून गेल्याचे दाखवले.

दिवाळी मागे पडली. तिने एकदा मला विचारले, "गुरुजी, नाईच आला तो, त?" ती थट्टा करत नव्हती. तिचा मळलेला धान घरात पोत्यांत भरून पडला होता आणि केंद्र उघडले होते. भासऱ्याने ट्रॅक्टर ठरवला होता. तिच्या पोत्यांनाही त्यात जागा ठेवली आहे, असे त्याने घरी येऊन मोठ्या आपुलकीने सांगितले होते. मी म्हणालो, "येईल." माझ्या आयुष्यात हा शब्द मी देवाच्या संदर्भात पुष्कळ वेळा उच्चारला आहे, इतक्या कमी खात्रीने कधीच नाही.

सहायक आला तो कार्तिकी पौर्णिमा उलटल्यावर. शेजारच्या गावात शिवणकाम करणारा, मध्यम वयाचा गृहस्थ; गळ्यात टेप तसाच लटकत होता. शासनाने या कामासाठी त्याला प्रत्येक गटामागे काहीतरी मोबदला ठरवून दिला होता, आणि तो मोबदला शासनाकडून कधी मिळेल, हे त्यालाही कोणी सांगितले नव्हते. त्यामुळे आमच्याविषयी त्याला बंधुभाव होता.

त्याने लुगडे सोडले आणि कोपऱ्याकडे पाहिले.

"एवढ्यात त बाहीबी निंगत नाई, बाई."

"तुमी कापड बेताले आले का फोटोले?"

"दाने कुठी हायेत?"

"पाखरायनं खाल्ले. फोटोत दाने मोजते का सरकार?"

तो हसला. मग गुडघ्यांवर बसला, मान तिरकी केली, शिंपी जसा कापडाचा उभा धागा पाहतो तसे पाहिले, आणि मोबाईल इतका जवळ नेला की, चौकटीत धानाशिवाय काही उरले नाही. मी त्याच्या खांद्यावरून डोकावलो. त्या चित्रात तिचे शेत दिसेल तिथपर्यंत पसरले होते. दाणे नसल्यामुळे ओंब्या ताठ उभ्या होत्या आणि एखाद्या सरकारी भित्तिपत्रकावर शोभाव्या अशा दिसत होत्या. या वेळी पडद्यावर दूर असल्याचा संदेश आला नाही.

मग तो माझ्या बांधीकडे वळला. तिथे शेळ्या चरत होत्या.

"गुरुजी, तुमचं?"

"माझा अर्ज दिलेला आहे. पोचपावती आहे."

"अर्ज उगवते का वावरात?" त्याने अगदी निरागसपणे विचारले, आणि तोंड फिरवून बाई हसली. तिला इतक्या दिवसांत प्रथमच हसताना पाहिले, म्हणून मला राग आला नाही. राग आला असता तरी पोचपावती पाहून शांत झाला असता.

आम्ही तिघे पाळीवर गेलो. सहायकाने नंदीकडे पाठ करून मोबाईल उंच धरला. ती दोन पायऱ्या खाली, पदर तोंडाशी धरून उभी. पडद्यावर चाक फिरत राहिले, फिरत राहिले. मग एक हिरवी खूण उमटली. शासन तृप्त झाले. त्याच्या पुढ्यात पाखरांनी दाणे खाल्लेले तणस ठेवले होते आणि त्याने ते साक्षात धान म्हणून स्वीकारले. भक्ताच्या भावाकडे पाहून नैवेद्य गोड मानून घेण्याचा गुण मी आजवर फक्त देवाचाच समजत होतो.

तिच्या सातबाऱ्यावर पेरा चढला. माझा चढला नाही. माझा धान मी व्यापाऱ्याला दिला. हमीभाव नाही, बोनस नाही. सरकारी नकाशात तो अजूनही देवळात, पिंडीच्या थोडा डावीकडे उभा आहे. हे कळल्यावर ती म्हणाली, "मंग काय चिंता, गुरुजी? तुमी त रोज पानी घालताच तिथी. अजून हिरवाच असन."

केंद्रावर मी तिच्यासोबत गेलो, ते अर्जाची चौकशी करण्याच्या निमित्ताने. अर्ज विचाराधीन असल्याचे कळले. विचार करण्याची ही निष्ठा पाहून मन नम्र होते. बाहेर काट्याजवळ पोती उतरत होती. शेवटी तिने वेगळा ट्रॅक्टर केला होता. तिच्या मागच्या ट्रॅक्टरवर भासरा होता, आपल्या भारी धानासह.

काट्यावरच्या माणसाने संगणकावरून नजर न उचलता विचारले, "धान कोणाचा?"

इतक्या वर्षांच्या सवयीने भासऱ्याचे तोंड उघडले. तो काही बोलण्याआधी ती म्हणाली, "माहा."

"नाव सांगा."

तिने स्वतःचे नाव सांगितले, मग नवऱ्याचे, मग आडनाव. त्या माणसाने टंकायला आरंभ केला. त्याने पुन्हा विचारले नव्हते, त्याला ऐकू गेले होते. तरीही तिने, शेवटच्या पोत्यावर तळवा ठेवून, ते सगळे नाव आणखी एकदा, थोड्या मोठ्याने सांगितले.